मामाला लागू पडलं, भाच्याला नाही

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या अलीकडे माझं छोटं कृषी केंद्र आहे. फवारणीचे दिवस आले की काउंटरवर एक भांडण ठरलेलं. "त्याच्या वावरात लागू पडलं, माह्या वावरात काहून नाही? दवाई त एकाच खोक्यातली व्हय ना!" मग मी विचारतो, बियाणं कोणतं, अळी कोणती, आधी काय मारलं होतं, पंपाला किती टाकलं. दोन मिनिटांत माणूस शांत होतो. बाटली तीच असली तरी वावर वेगळं असतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

रक्ताच्या औषधाचंही असंच असतं, हे मात्र आमच्या घरी कळायला फार वेळ लागला.

मला तीव्र हिमोफिलिया आहे आणि माझ्या लहान बहिणीच्या मुलालाही. आजार तोच, औषधही तेच. मी ते घेतलं की संध्याकाळपर्यंत गुडघ्यातला ठणका उतरतो. भाच्याच्या अंगात मात्र तिसऱ्या वर्षी तेच औषध पाण्यासारखं जायला लागलं. हा फरक कुठून येतो, ते इथे सांगतोय. मी डॉक्टर नाही. चाळीसेक वर्षं सुया टोचून घेतल्या, डॉक्टरांना नको तितके प्रश्न विचारले, त्यातून जे कळलं ते हे.

आधी आजार थोडक्यात. रक्त गोठायला शरीरात प्रथिनांची एक साखळी लागते. तिच्यातला फॅक्टर आठ नसला की हिमोफिलिया ए, फॅक्टर नऊ नसला की हिमोफिलिया बी. ए प्रकार साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला असतो, बी त्याहून बराच दुर्मीळ. फॅक्टर निरोगी माणसाच्या १ टक्क्याहून कमी असेल तर आजार तीव्र, १ ते ५ टक्के असेल तर मध्यम, त्याच्या वर ४० पर्यंत सौम्य. कापलं की भळाभळा रक्त वाहून माणूस जातो, असं लोकांना वाटतं. खरं दुखणं आतलं असतं, सांध्यातलं आणि स्नायूतलं. माझा डावा गुडघा सातवीत असतानाच आखडला. तेव्हापासून पंगतीला मी खुर्चीवर.

यावर उपाय म्हणजे जे नाही ते शिरेतून द्यायचं. काचेच्या छोट्या बाटलीत पांढरी पूड असते, सोबत पाण्याची दुसरी बाटली. पाणी हळूच सोडायचं आणि बाटली दोन्ही तळहातांत फिरवायची, ताक घुसळल्यासारखी जोरात हलवायची नाही, नाहीतर फेस होतो. हे सगळ्यांसाठी सारखंच. फरक पडतो तो पूड शरीरात गेल्यावर.

आपल्या विदर्भात रक्ताचा आजार म्हटलं की सिकलसेल. शाळेत तपासणी होते, लग्नाआधी कार्ड बघा म्हणून सांगतात. सिकलसेलमधली चूक एकच असते. रुग्ण गडचिरोलीचा असो की आफ्रिकेतला, हिमोग्लोबिनच्या जनुकात त्याच जागी तेच एक अक्षर बदललेलं असतं. हिमोफिलियाचं तसं नाही. फॅक्टर आठचं जनुक एक्स गुणसूत्राच्या पार टोकाला आहे आणि लांबीला सुमारे १,८६,००० अक्षरांचं. इतक्या लांब मजकुरात चूक कुठेही होऊ शकते. आजवर हजारो वेगवेगळ्या चुका नोंदल्या गेल्या आहेत. म्हणजे 'हिमोफिलिया ए' हे नाव एक असलं, तरी त्यामागची चूक प्रत्येक घराण्याची आपापली असते.

ती चूक कशी असू शकते, ते सातबाऱ्यावरून सांगतो, कारण सातबाऱ्यातल्या चुका आपल्याला पाठ आहेत. कधी नावातली एक वेलांटी चुकते. नाव वाचता येतं, पण बँक कर्ज देत नाही. जनुकात एक अक्षर बदललं की असंच होतं, प्रथिन तयार होतं पण नीट काम करत नाही. कधी तलाठी लिहिता लिहिता मध्येच उठून गेल्यासारखा मजकूर अर्ध्यावर थांबतो. जनुकात चुकीच्या जागी पूर्णविराम आला की प्रथिन अर्धवट राहतं. कधी पानच फाटून गेलेलं असतं, म्हणजे जनुकाचा मोठा तुकडा गायब. आणि कधी पान मधोमध फाडून अर्धा भाग कोणीतरी उलटा चिकटवलेला असतो. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या शंभरातल्या चाळीस-पंचेचाळीस जणांत हीच उलटी चिकटवलेली चूक सापडते. जनुकाच्या २२व्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे मजकुराच्या मधल्या, प्रथिनात न उतरणाऱ्या एका भागात ती होते, म्हणून तिला इंट्रॉन २२ इन्व्हर्जन म्हणतात. आमच्या घरची चूक हीच.

इथे जरा थांबतो, कारण ही उलटापालट होते कशी, ते ऐकून मी हादरलो होतो. बाईकडे एक्स दोन असतात, ते एकमेकांना धरून राहतात. पुरुषाकडे एक्स एकटाच. शुक्राणू तयार होताना त्या एकट्या एक्सचं टोक स्वतःवरच दुमडतं आणि सारखा दिसणारा मजकूर बघून चुकीच्या जागी जोडलं जातं. म्हणून ही नवी चूक जवळजवळ नेहमी एखाद्या पुरुषाच्या बीजात होते. तो पुरुष स्वतः ठणठणीत असतो, त्याची मुलगी वाहक होते आणि नातवाला आजार होतो. माझ्याआधी आमच्या नात्यात कोणालाच हा आजार नव्हता. म्हणजे चूक बहुधा माझ्या आईच्या वडिलांच्या बीजात झाली असावी. आबाजी शेवटपर्यंत बंडी हाकत होते, त्यांना साधं नाकातून रक्त आल्याचं कोणाला आठवत नाही. आणि आईनं मात्र जन्मभर ऐकलं, "माहेराहून रोग घेऊन आली." माहेराहून आला, हे खरं. पण आणणारीचा त्यात काय दोष?

आता औषधाकडे. बाहेरून दिलेलं प्रथिन आपलं की परकं, हे शरीराचं रखवालदार खातं ठरवतं. ते कसं ठरवतं, हे गावातल्या कुत्र्यांकडे बघून कळतं. रोज दिसणारा माणूस लंगडत आला तरी कुत्रं मान वर करून बघतं आणि परत झोपतं. ज्याच्या जनुकात एकच अक्षर चुकलंय, त्याच्या शरीरात लंगडा का होईना, फॅक्टर आठ लहानपणापासून फिरत असतो, ओळखीचा असतो. मग चांगला फॅक्टर टोचला तरी फारसा गोंधळ होत नाही. अशांपैकी शंभरात पाच-दहा जणांनाच पुढचा त्रास होतो. ज्याचं पानच फाटलंय, त्याच्या शरीरानं हे प्रथिन जन्मात पाहिलेलं नसतं. पहिल्या काही सुयांतच सगळी कुत्री उठतात. अशांत त्रासाचं प्रमाण निम्म्याच्याही वर जाऊ शकतं. उलट्या पानवाल्यांचं दोन्हींच्या मधलं आहे. तुकड्या-तुकड्यांनी थोडं प्रथिन आत तयार होतं, शरीरानं ते अर्धवट पाहिलेलं असतं, आणि साधारण पाचांतल्या एकाला त्रास होतो.

हा त्रास म्हणजे इनहिबिटर. शरीर फॅक्टर आठविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि ती टोचलेलं औषध काम करण्याआधीच निकामी करतात. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये सगळे मिळून शंभरात २५ ते ३० मुलांना हे कधी ना कधी होतं. बहुतेक वेळा फॅक्टर घेतल्याच्या पहिल्या वीस दिवसांत, पन्नास दिवसांनंतर क्वचितच. दिवस म्हणजे कॅलेंडरचे नाहीत, ज्या-ज्या दिवशी सुई दिली तेवढेच मोजायचे.

भाचा अडीच वर्षांचा असताना ओट्यावरून पडला आणि मांडीच्या स्नायूत रक्त साकळलं. शहरातल्या एका दवाखान्यात सलग आठ दिवस फॅक्टर दिलं. पोरगं बरं झालं, घरी आलं. दोन महिन्यांनी गुडघा सुजला. फॅक्टर दिलं, सूज तशीच. दुसऱ्या दिवशी डोस दुप्पट केला. तिसऱ्या दिवशी आणखी एक बाटली. मग सगळ्यांचं लक्ष जावईबापूंच्या थर्मासवर गेलं. यांनी बर्फ नीट टाकला नसेल, एसटीत औषध तापलं असेल. ते बिचारे शपथा घेत होते. माय म्हणत होती, "पोट्ट्याले कोनाची नजर लागली." इनहिबिटर तपासा असं कोणी म्हणायला पाचवा दिवस उजाडला. पाच दिवसांत तो गुडघा बिघडला, तो अजून पूर्ण सरळ होत नाही. दोन डोसनंतरही सूज हटत नसेल तर आधी तपासणी मागा, तिसरी बाटली मग. हे मला तेव्हा माहीत असतं तर, असं अजूनही वाटतं.

ती तपासणी मी पुढे एकदा प्रयोगशाळेत उभा राहून पाहिली. रुग्णाच्या रक्तातलं पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, निरोगी माणसाच्या प्लाझ्मात समसमान मिसळतात. निरोगी प्लाझ्मात फॅक्टर आठ भरपूर असतो. ते मिश्रण ३७ अंशांवर, म्हणजे अंगाइतक्या उबेत, दोन तास ठेवतात आणि मग किती फॅक्टर उरला ते मोजतात. निम्मा संपला असेल तर एक बेथेस्डा युनिट. पाचाच्या वर गेलं की जास्त म्हणायचं. दोन तास का थांबायचं? कारण फॅक्टर आठचा इनहिबिटर सावकाश खातो. मिसळल्या-मिसळल्या मोजलं तर सगळं ठीक दिसतं आणि रिपोर्ट फसवतो. भाच्याचा आकडा २२ आला होता.

मग प्रश्न उरतो तो माझा. चूक तीच, तिच्या दोन्ही रिपोर्टांत एका अक्षराचाही फरक नाही, मग मला इनहिबिटर का झाला नाही?

कारण माणसाकडे फॅक्टर आठचं जनुक सोडून आणखी जनुकंही आहेत, आणि भाच्यानं त्यातली निम्मी माझ्या जावईबापूंकडून घेतली आहेत. परक्या प्रथिनाचे तुकडे रखवालदारांपुढे मांडणारी एक यंत्रणा असते, तिची जनुकं एचएलए नावानं ओळखतात. ती माणसागणिक वेगळी. कोणाच्या ताटात फॅक्टर आठचा तुकडा नजरेत भरेल असा मांडला जातो, कोणाच्यात तो दिसतही नाही. याशिवाय दाह वाढवणारी-कमी करणारी जनुकं आहेत, त्यात आयएल-१० आणि टीएनएफ यांचा अभ्यास झालाय. स्वीडनमधल्या माल्मो शहरातून हिमोफिलिया असलेल्या भावा-भावांचा एक मोठा अभ्यास झाला होता. एका भावाला इनहिबिटर झाला तर दुसऱ्यालाही होण्याची शक्यता वाढते, असं त्यातून दिसलं. पण शक्यताच, खात्री नाही. या जनुकांवरून आज कोणी डोस ठरवत नाही.

आणि सगळंच जनुकांच्या माथी मारू नये. भाच्याला पहिल्याच फेरीत सलग आठ दिवस, तेही मोठ्या रक्तस्रावाच्या वेळी, फॅक्टर मिळालं. शरीर आधीच धोक्याच्या घंटेवर असताना अनोळखी पाहुणा वारंवार आला. अशा वेळी कुत्री जास्त भुंकतात. अर्थात मांडीत रक्त साकळलेलं असताना औषध थांबवता येत नाही, त्यामुळे दवाखान्याला त्यासाठी मी दोष देत नाही. उशिरा तपासल्याचा देतो. औषधाचा प्रकारही थोडा फरक करतो. २०१६ साली सिपेट नावाच्या चाचणीचे निकाल आले. तिच्यात २५१ मुलं होती, त्यांत भारतातलीही बरीच. रक्तापासून बनवलेला फॅक्टर घेतलेल्यांत सुमारे २७ टक्क्यांना इनहिबिटर झाला, प्रयोगशाळेत बनवलेला घेतलेल्यांत सुमारे ४५ टक्क्यांना. 'कृत्रिम म्हणजे जास्त चांगलं' हा समज तेव्हा बऱ्याच जणांना तपासून बघावा लागला.

इनहिबिटर नसलेल्यांतही औषध सारखं चालत नाही, आणि याचा अनुभव माझा स्वतःचा. रक्तात फॅक्टर आठ एकटा फिरत नाही. व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाच्या मोठ्या प्रथिनाच्या बंडीत तो बसून जातो. बंडी नसली तर दोन-तीन तासांतच निम्मा होतो. ही बंडी केवढी, हे बऱ्याच अंशी रक्तगटाच्या जनुकावर ठरतं. ओ गटाच्या लोकांत ती सरासरीनं पाव हिश्शानं कमी असते. माझा गट ओ.

हिशेब बघा. फॅक्टर आठचं एक युनिट दर किलोमागे दिलं की रक्तातली पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते. पन्नास किलोच्या माणसाला ४० टक्के हवेत तर १,००० युनिट. औषध निम्मं व्हायला पुस्तकात १२ तास दिलेत, म्हणजे दोन दिवसांत चार वेळा निम्मं, उरले अडीच टक्के. कोणाचं १६ तासांनी निम्मं होत असेल तर त्याच्याकडे दोन दिवसांनी ५ टक्के असतात. आणि ज्याचं ८ तासांनी होतं, त्याच्याकडे जेमतेम ०.६. डोस तोच, पैसे तेवढेच, पण तिसऱ्या दिवशी सकाळी एक जण पऱ्हाटीत फिरू शकतो आणि दुसरा परत तीव्र रुग्ण झालेला असतो. मी आठ-नऊ तासांवाला. दिवसाआड घेऊनही माझा घोटा सुजायचा तेव्हा मला म्हणायचे, "तुम्ही जास्त चालता." नागपूरला दर काही तासांनी रक्त घेऊन पातळी मोजली तेव्हा खरं कारण कळलं. लहान मुलांत औषध आणखी लवकर संपतं, गट कोणताही असो.

सौम्य प्रकारवाल्यांचं एक वेगळं आहे. त्यांच्यातल्या काहींना फॅक्टरची गरजच पडत नाही. डेस्मोप्रेसिन नावाचं औषध दिलं की शरीरातला साठवलेला फॅक्टर बाहेर येतो. कोणाला चालतं, कोणाला नाही, हे पुन्हा चुकीच्या अक्षरावर अवलंबून, म्हणून आधी एकदा देऊन मोजून ठेवतात. हिमोफिलिया बी मध्ये हे कामाचं नाही. बी मध्ये इनहिबिटर कमी, शंभरात तीन-पाच जणांना, पण ज्यांच्या फॅक्टर नऊच्या जनुकाचा मोठा भागच गायब आहे त्यांना औषधाची गंभीर ॲलर्जी येऊ शकते. दम लागतो, बीपी उतरतं. म्हणून अशा बाळाचे पहिले दहा-वीस डोस दवाखान्यातच, घरी अजिबात नाही. बी मध्येच एक गमतीची चूकही आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहराच्या नावानं ती ओळखली जाते. ती जनुकात नसून जनुक सुरू करणाऱ्या बटणात असते, आणि मुलगा वयात आला की फॅक्टर आपोआप वाढायला लागतो.

भाच्याला आता एमिसिझुमॅब चालू आहे. अमेरिकेत २०१७ साली मंजूर झालेलं हे औषध फॅक्टर आठ नाहीच. फॅक्टर आठचं काम नऊ आणि दहा यांना एकमेकांशेजारी आणून ठेवायचं. हे औषध एका हातानं नऊ धरतं, दुसऱ्यानं दहा. दिसायला ते फॅक्टर आठसारखं नसल्यामुळे इनहिबिटर त्याला ओळखतच नाही, आणि पान फाटलंय की उलटं चिकटलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. हिमोफिलिया बी ला ते चालत नाही. पोटाच्या कातडीखाली महिन्यातून एकदा सुई. महाग आहे, पुरवठा वरखाली होतो, दर महिन्याला धाकधूक असते.

यात एक खड्डा आहे, तो दाखवायलाच हवा. हे औषध चालू असताना एपीटीटी ही रक्त गोठण्याची साधी चाचणी खोटीच नॉर्मल येते. मागच्या वर्षी भाच्याचा दात हलत होता. तालुक्याच्या ठिकाणी रिपोर्ट बघून आम्हाला सांगितलं, "पोरगा तर बरा झालाय, काढून टाकू." बहिणीनं दात काढू दिला नाही, पोराचा हात धरून सरळ बाहेर आली.

जनुक दुरुस्तीचं काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालंय. हिमोफिलिया ए च्या पाच रुग्णांच्या स्वतःच्या मूळपेशींत जनुक घालून त्या परत दिल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. पाचही जणांत फॅक्टर तयार झाला. पाच म्हणजे फार थोडे. पण मी ती बातमी दुकानात दोनदा वाचली.

जनुक तपासणीला लागतं काय? जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त. आधी इंट्रॉन २२ची उलटापालट बघतात, कारण ती सोपी आणि सापडण्याची शक्यता जास्त. नसेल तर बाकी जनुक वाचतात. मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आणि वेल्लोर इथे हे काम वर्षानुवर्षं होतंय. एका रुग्णाची चूक सापडली की तेवढीच जागा नात्यातल्या बायकांत बघता येते. आमच्याकडे तर हे लग्नापर्यंत जातं. माझी मुलगी वाहक असणारच, बापाचा एकुलता एक्स तिला मिळालाय. ती झाली तेव्हा बहीण हसून म्हणाली होती, "सून आली माझी." मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क, ही आपली रीत. मी बिलबुकाच्या मागे चौकोन काढून दाखवले. या दोघांचं लग्न झालं तर होणाऱ्या मुलींपैकीही निम्म्यांना हिमोफिलिया होऊ शकतो, आणि ज्यांना होणार नाही त्या वाहक. बहिणीनं तो कागद बराच वेळ पाहिला आणि पदराला बांधून घरी नेला.

भाचा आता सहावीत आहे. त्याच्या कंपासपेटीत झाकणाच्या आतून एक कार्ड चिकटवलंय. तीव्र हिमोफिलिया ए. इंट्रॉन २२ इन्व्हर्जन. इनहिबिटर २२. रक्तगट बी. एमिसिझुमॅब चालू. एपीटीटीवर जाऊ नका. स्नायूत सुई देऊ नका. ॲस्पिरिन देऊ नका. खाली त्यानं बॉलपेननं स्वतःची एक ओळ वाढवली आहे: मामाचं फॅक्टर मला चालत नाही.